मास्तरांचे मासे आणि आमचा हंडा

वयाच्या अकराव्या वर्षी मी चार मासे मारले, आणि तेही स्वच्छतेने! स्वतःला फार शहाणी समजत होते मी तेव्हा.

मासे आमच्या शेजारच्या ड्रॉइंग मास्तरांचे. चाळीसच्या दशकात नगरच्या गल्लीत, तेही बामणाच्या घरी, काचपेटीत लाल मासे म्हणजे नवलच. मास्तर ते चोरून तळून खातात, असा निम्म्या गल्लीला संशय. पण संशयात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पेटीत घालायची सीना नदीची वाळू ते तीनदा उकळत. मुंबईहून नवा मासा आला की पंधरा दिवस वेगळ्या बरणीत. "पाहुणा आधी दिसतो, त्याचा आजार मागून," म्हणत. मी पेटीजवळ गेले की आधी माझे हात हुंगत. "तेल लावलंयस का गं?"

पाणी बदलायचं ते चौथाईच, तेही आडाचं काढून दिवसभर मातीच्या रांजणात ठेवलेलं. "फार चकचकीत पाण्याचा मला भरवसा नाही," म्हणायचे.

घरात त्यांची थोरली विधवा बहीण, अक्का. "सोवळ्यात स्वयंपाक करायचा, अन् हे मेले डोळे वटारून बघणार!" हे तिचं रोजचंच. म्हणून लग्नाला दोन दिवस श्रीरामपूरला जाताना मास्तरांनी मासे तिच्याऐवजी माझ्यावर सोपवले. "शेवयांचा चुरा, चिमूटभर, एकदाच. पाण्याला हात लावायचा नाही."

मी मान डोलावली. पण काचेवर हिरवट शेवाळ दिसलं आणि माझ्यातली सुगरण जागी झाली. अक्का पुराणाला गेली होती. सगळं पाणी उपसलं आणि आमच्या हंड्यातलं भरलं. हंडा तांब्याचा, चिंचेने लखलखीत घासलेला, पाणी आदल्या दिवसापासूनचं. देवाला चालतं ते माशांना का चालू नये? सकाळी चारही मासे उलटे तरंगत होते.

मास्तर परतले, पेटी पाहिली आणि थेट स्वयंपाकघरात अक्कापुढे. "काय घातलंस पाण्यात? रिठे की चुना?"

"बाळू, मी त्या पेटीला शिवते तरी का रे?"

मास्तर तिच्या हातचं जेवेनात. स्वतःच खिचडी शिजवू लागले. मी कुंपणावरून बघत होते, आणि माझ्या तोंडाला कुलूप. तिसऱ्या दिवशी अक्काची ट्रंक ओसरीवर आली. ती राजूरला दिराकडे निघाली होती, कायमची. तेव्हा मात्र मी कुंपण ओलांडून धावले. मास्तरांपुढे उभी राहून सगळं बोलून टाकलं.

"कुठल्या हंड्यातलं?" त्यांनी एवढंच विचारलं.

"तांब्याच्या."

मास्तर मटकन खाली बसले. "अगं, माणसाला मानवतं ते तांबं माशांना विष असतं. हे तुला सांगायचं मीच विसरलो."

मला वाटलं, आता पाठीत धपाटा. पण ते उठले, धोतर सावरलं, अक्काने आतून कडी लावलेल्या स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "चल, अक्काची माफी मागू. तू पुढे हो. मला एकट्याला ती आत घ्यायची नाही."