पाणी कुठं जातं

कोणाच्याही दारात आले की ते आधी माणसांकडे बघत नसत. घराला वळसा घालून मोरीमागे जात, उकिडवे बसत आणि विचारत, "पानी कुठं जाऊन राहिलं?" मग रामराम, मग खुशाली.

ते आमच्या गावचे गवंडी. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मी चाचा म्हणे, तेही मनातल्या मनात. मोठ्यानं बोलायची मला सवय नव्हती.

तुम्ही खेड्यात राहिला असाल तर तेव्हाच्या गल्ल्या तुम्हालाही आठवतील. मोरीचं पाणी वाटेत साचायचं आणि लेकरं त्यातूनच उड्या मारत जायची. चाचांना ते बघवत नसे. घराचं काम संपलं की ते मोरीमागे छातीइतका खड्डा खणत. तळाला दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू. तोंडाशी भोकं पाडलेलं जुनं मडकं, त्यात काथ्या. खरकटं मडक्यात अडे, पाणी जमिनीत मुरे. मडकं धुतलेलं नसलं की त्या घरच्या बाईला ऐकवत, "जमिनीलाबी घास चावून द्यावा लागतो, बाई."

आमच्या गल्लीतला पहिला खड्डा आमच्या घरचा. चाचांना तो खालच्या अंगाला, पिण्याच्या आडाच्याही खाली लांब खणायचा होता. पण तिथं गोठा होता, आणि गाय हलणार नाही म्हणून सासूबाई अडून बसल्या. चाचांनी जागा दोनदा पावलांनी मोजली. शेवटी त्यांनी वरच्या अंगाला खणला. आड तिथून वीसेक पावलांवर, उताराला.

त्या पावसाळ्यानंतर गल्लीतली लेकरं हगवणीनं सुकू लागली. माझी धाकटी तर काडीसारखी झाली. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला.

माघात आम्ही हळद अंगणातच शिजवली आणि कढईतलं पाणी मोरीत ओतलं. चौथ्या दिवशी आडातून घागर काढली, तर पाण्याला हळदीचा वास. ती ओतून दुसरी काढली. तोच वास.

मला कळलं, पण कुणाला सांगवेना. सांगावं तर खड्डा आमच्याच घरचा, आणि चाचांच्या कामाला गावात असलेला मान जाणार. न सांगावं तर धाकटी तेच पाणी पिणार. दुपारपर्यंत मी घागरीकडे बघत बसले.

चाचा शेजारी भिंत लिंपत होते. मी कवाडाआडून हाक मारली, "चाचा, हे पाणी पिऊन बघा."

त्यांनी ओंजळ धरली, मी वरून तांब्या ओतला. एक घोट घेऊन ते थांबले. आडाकडे बघितलं, मग आमच्या मोरीकडे.

"सूनबाई, आनखी कुनाला बोललीस?"

मी मानेनंच नाही म्हटलं. मला वाटलं, आता गप्प राहा म्हणतील.

"मग मीच सांगतो," ते म्हणाले.

त्यांनी चावडीवर माणसं जमवली आणि सगळं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, हळद पाजून राहिले, आख्ख्या गावाचं लगीन लावता का?" सगळे हसले. चाचाही हसले. मग म्हणाले, "खड्डा मी खंदला. चूक माझी हाय."

त्यांनी सासूबाईंचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. सासूबाई ऐकून घरी आल्या आणि गाय सोडून बाहेर लिंबाला बांधली.

चाचांनी जुना खड्डा उकरून मातीनं बुजवला, आड उपसून घेऊन चुना टाकला, आणि गोठ्याच्या जागी नवा खड्डा खणला. तोवर गल्लीनं ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी आणलं. उन्हाळ्यात धाकटी दारात पळू लागली. वर्षभर मात्र चाचांना कुणी खड्ड्यासाठी बोलावलं नाही. नंतर एकेक घर बोलावू लागलं. ते प्रत्येक ठिकाणी आधी आड कुठं आहे ते विचारत.

निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत इतर मुसलमान घरांसारखं चाचांचं बिऱ्हाडही एका सकाळी निघालं. जवळा बाजारला लेकीकडे गेले म्हणतात. निघताना ते आमच्या मोरीमागे येऊन उकिडवे बसले होते. कुणी त्यांना थांबा म्हटलं नाही. मी कवाडाआड होते, मीही म्हटलं नाही.

हळद शिजली की चौथ्या दिवशी मी अजून पहिली घागर नाकाशी धरते. नुसतं पाणी असतं.