चार सीटचं सेकंडहँड जेट

जुनं विमान घेतलं की त्याच्याबरोबर कागदपत्रांची खोकी येतात. किस्से मात्र आपोआप साठतात. आमच्याकडे ते जरा जास्तच साठलेत, कारण आमचं विमान उडतं कमी आणि उभं राहतं जास्त. मी पायलट. मालक इंदापूरकडचे तात्या, डाळिंबं परदेशी पाठवणारे. बायको गेलेली, घरात एकटेच.

*

विमान बघायला आम्ही हैदराबादला गेलो. तात्यांनी आदल्या दिवशीच निरोप धाडलेला, मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. जुना ट्रॅक्टर घेताना बघतात तसं! गेल्या गेल्या हात लावून इंजिन गार असल्याची खात्री केली, मगच चालू करायला लावलं.

तपासणीचा रिपोर्ट माझ्या हातात होता, तो त्यांनी पाहिलाही नाही. विकणाऱ्या मालकाला एकच विचारलं, का विकताय? तो म्हणाला, सुना आल्या, नातवंडं झाली, आता चार सीटमध्ये मावत नाही.

तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "घेऊन टाकू, कॅप्टन. भरल्या घरातलं हाय."

*

पूजा बारामतीच्या विमानतळावर. नारळ घेऊन तात्या थेट इंजिनापाशी! आमच्या इंजिनिअरनं हात धरला. करवंटीचा तुकडा आत गेला तर इंजिन कामातून जाईल म्हणाला. मग नारळ गेटबाहेर रस्त्यावर फुटला. लिंबू-मिरची बाहेरून बांधता येईना, ती तात्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली.

पेढे दहा किलो आणि माणसं पाच. उरलेले मी माझ्या भाड्याच्या खोलीत कितीतरी दिवस एकटाच खात होतो. पेढ्यांचा इतका कंटाळा मला कधी आला नव्हता.

*

विमान घेतलं ते मुलासाठी. तो बंगळुरूला असतो. दर सणाला त्याचं एकच, येण्याजाण्यात दोन दिवस मोडतात. आता दीड-दोन तासांचं काम! तात्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा तो "बघू" म्हणाला.

तोवर तात्या रोज दुपारी डबा घेऊन हँगरमध्ये यायचे. विमानात बसून जेवायचे, मलाही समोर बसवायचे. एकदा मी म्हटलं, एक चक्कर मारून येऊ का? तर म्हणाले, "कुणाकडं जायाचं?" मला वाईट वाटलं, आणि ते त्यांच्यापुरतंच नव्हतं.

*

दिवाळीला मुलगा, सून आणि नातवाला आणायला मी बंगळुरूला गेलो. मुलगा एकटाच आला, हातात बॅगही नाही. विमानतळाच्या गेटपाशी घुटमळत उभा राहिला. तेवढ्यात त्याला तात्यांचा फोन आला. त्यानं स्पीकर लावला.

"निघालासा का?"

"तात्या, जरा..."

तात्यांनी त्याला पुढं बोलूच दिलं नाही, भराभर सांगायला लागले. "आरं, तुला सांगायचंच राह्यलं. कॅप्टन म्हणतोय, इमानात बिघाड हाय. पोरासोरांना घिऊन बसू नगा. पुढं बघू."

मी तर काहीच म्हटलं नव्हतं. विमान अगदी ठणठणीत होतं.

मुलाचा चेहरा एकदम मोकळा झाला. काय बिघडलंय, त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, टायर.

रिकामं विमान घेऊन बारामतीला उतरलो. तात्या नवं धोतर नेसून उभे होते. आत डोकावलेसुद्धा नाहीत.

"कॅप्टन," ते म्हणाले, "दुरुस्तीला किती दिवस लागत्यात म्हणून सांगू त्याला?"