शाहसरांचे शेवटचे दहा पॉइंट

चार शिक्षक एका खोलीत रोज दोन तास रिकामे बसले की किस्से आपोआप साठतात. आमचे तर एका रजिस्टरमध्ये लिहून साठलेत. ते रजिस्टर आता माझ्याकडे नाही. असतं तर अजूनही मध्यरात्रीपर्यंत वाचत बसलो असतो.

भाईंदर वेस्टला, स्टीलच्या भांड्यांच्या गोडाऊनवर आमचा कोचिंग क्लास होता. साल दोन हजार चार-पाच. सकाळची बॅच एकला सुटायची, संध्याकाळची तीनला भरायची. मधल्या वेळात मॅथ्सचे सावंतसर, सायन्सच्या पाटील मॅडम, कॉमर्सचे शाहसर आणि मराठीवाला मी.

सावंतसरांनी कुठेतरी वाचून एक गेम आणला. आपल्या पाळीला एक नवा नियम सुचवायचा, किंवा जुना बदलायचा. मतदान घ्यायचं. पास झाला तर दहा पॉइंट. शंभर झाले की जिंकलात. वाद झाला तर ज्याची पाळी पुढची, तो न्यायाधीश.

"आयुष्यात मी कधीच पहिला आलो नाय," शाहसर पहिल्याच दिवशी म्हणाले. "हा गेम मी जिंकणार. लिहून घ्या."

पाटील मॅडमनी खरंच रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.

* * *

सावंतसरांनी नियम पास करून घेतला : खेळताना हिंदी बोलेल त्याचे पाच पॉइंट कट.

पाच मिनिटांत चहावाला दारात. "कितना लाऊं?" सगळे चिडीचूप. शेवटी शाहसरांनी चार बोटं वर केली.

"कट!" सावंतसर म्हणाले. "त्याने हिंदीत विचारलं, तुम्ही हिंदीत उत्तर दिलंत."

"बोटं गुजराती आहेत माझी," शाहसर म्हणाले.

न्यायाधीश पाटील मॅडम. त्यांनी शांतपणे निकाल दिला, "चहा आला की ठरवू. चार आले तर मराठी, चाराला हिंदीत काय म्हणतात ते मला माहीत नाही."

* * *

दुसरा एक नियम होता, गैरहजर माणसाचं मत 'हो' धरायचं. मॅडम पाणी प्यायला उठल्या आणि शाहसरांनी डाव साधला. "प्रस्ताव! पंख्याखालची खुर्ची कायमची शाहसरांची."

मी त्यांच्या बाजूने, सावंतसर विरोधात. सगळं मॅडमवर होतं. त्या उंबऱ्याबाहेरूनच ओरडल्या, "न्हाय!" मॅडम भाईंदरजवळच्याच मोरवा गावच्या. घरच्यांची मिठागरं होती. एरवी पुस्तकासारखं बोलायच्या, पण राग आला की गावची बोली बाहेर यायची.

"तुम्ही बाहेर आहात, मॅडम. गैरहजर."

"माझी चप्पल आत हाय."

सावंतसर न्यायाधीश. खडू घेऊन उंबऱ्यावर रेघ मारली, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "चप्पल हजर, मॅडम गैरहजर. चपलेला मताचा अधिकार नाही."

शाहसरांना खुर्ची मिळाली. त्याच आठवड्यात दुपारचं लोडशेडिंग सुरू झालं.

* * *

मोबाइल वाजला तर दहा पॉइंट कट, हा मॅडमचा नियम. एकदा सावंतसरांचा वाजला आणि लगेच बंद झाला. सर रत्नागिरीकडचे, आई गावी एकटी. औषध घेतलं की शेजारची मुलगी एक मिस्ड कॉल द्यायची.

शाहसर न्यायाधीश होते. इतर वेळी अर्ध्या पॉइंटसाठी गळा काढणारा माणूस, पण त्या दिवशी एवढंच म्हणाला, "आईचा कॉल मोजायचा नाय. लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी शाहसरांचाच मोबाइल वाजला. बायको होती. मोबाइल कानाला चिकटवून दहा मिनिटं बोलले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "दोन पोरांची आईच आहे ती."

* * *

मग शाहसरांचे नव्वद झाले. आता काहीही पास झालं की ते जिंकणार आणि गेम संपणार. त्यांच्या आधीची पाळी मॅडमची. त्यांनी प्रस्ताव मांडला, "जिंकायला दोनशे पॉइंट लागतील."

पास. तीन विरुद्ध एक.

"हे चीटिंग आहे," शाहसर म्हणाले. "मी घरी बायकोला सांगून आलोय, आज जिंकून येतो म्हणून." दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. आम्हाला वाईट वाटलं, पण हात आम्ही तिघांनीही वर केले होते. एक ते तीन या वेळात दुसरं काही करायची कल्पनाच आम्हाला सहन होत नव्हती. अजूनही एक वाजला की मला त्या खोलीत जावंसं वाटतं.

* * *

दीड वर्षानंतरची गोष्ट. सावंतसरांच्या आईने अंथरूण धरलं. सरांनी क्लास सोडला. संध्याकाळच्या गाडीने कायमचे गावी निघाले होते. त्या दुपारी बॅग घेऊनच आले.

शाहसरांचे एकशेनव्वद झाले होते आणि पाळी त्यांचीच होती. आम्ही तिघांनी जिन्यातच ठरवलं, आज ते काहीही बोलू देत, हात वर करायचे. जिंकू दे माणसाला एकदाचं.

शाहसरांनी खिशातून चिठ्ठी काढली. चष्मा लावला. वाचलं, "जिंकायला एक हजार पॉइंट लागतील."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शब्द दिला होता. तीन हात वर गेले.

मॅडमनी रजिस्टरमध्ये दहा मांडले. झाले दोनशे.

"जिंकले," मॅडम म्हणाल्या. "मत पडलं तेव्हा नियम दोनशेचा होता."

"नाही जिंकले," मी म्हणालो. "नियम पास झाला म्हणून तर पॉइंट मिळाले. म्हणजे हजाराचा नियम आधी लागू झाला."

न्यायाधीश सावंतसर. त्यांनी रजिस्टर पहिल्या पानापासून चाळलं. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. सरांनी रजिस्टर मिटलं, बॅगेत कपड्यांच्या खाली ठेवलं आणि चेन लावली.

"निकाल राखून ठेवतो," ते म्हणाले. "अभ्यास करावा लागेल."

शाहसर त्यांची बॅग उचलून जिन्यापर्यंत गेले.

"काही घाई नाय, सर," ते म्हणाले. "सावकाश द्या."