नऊ वाजताचं कार्टून

टीव्हीवर कार्टूनच्या जागी एक गोरा आचारी कांदा चिरत होता, आणि शेजारचे भाऊजी माझ्या सोफ्यावर आपला कप धरून ताठ बसले होते.

बायको गेल्यापासून ते दर शनिवारी नऊला कप घेऊन येत आणि घेऊन जात. आठवडाभर मुके, कार्टूनमधला कुत्रा दारावर आपटला की खदाखदा हसत. माझं डोकं दुखायचं.

"होईल त्याचं चिरून, मग लागेल कार्टून," ते म्हणाले.

"अहो, बंद केलं चॅनेलवाल्यांनी. पोरांना आता डिशवर दिवसभर कार्टून असतं."

"पोरांचं ठीक आहे, वहिनी."

त्यांनी कप विसळला आणि माझ्या कपांशेजारी पालथा घालून ते गेले.

पुढच्या शनिवारी आले. आचारी मासे तळत होता. कोणी हसलं नाही. बघायला आम्ही दोघंच होतो. ते पंचाहत्तरचे, मी बहात्तरची.