खटक्याचा चाकू

"आदी पाठ, मग धार, मग भाव," असे म्हणत हवालदार कोटाच्या खिशातून कांदा काढायचे आणि दुकानदाराच्या फळीवर ठेवायचे. चाकू घ्यायला आलेला माणूस घरून कांदा घेऊन येतो, हे सांगलीच्या बाजारात तोवर कुणी पाहिले नव्हते. दुकानदार आधी कांद्याकडे बघे, मग हवालदारांकडे, मग सोबत आलेल्या माझ्याकडे. मी रस्त्याकडे बघे.

हळदीच्या ज्या अडतीवर मी दिवाणजी होतो, तिथे ते पहारेकरी होते. महायुद्ध नुकतेच संपले होते. पलटणीत ते शिपाई म्हणून गेले आणि नाईक होऊन परत आले. हवालदार त्यांना आमच्या हमालांनी केले आणि त्यांनीही ती बढती नाकारली नाही. डावा हात मनगटापासून लढाईत गेला होता. कुणी विचारले तर "ऱ्हायला तिकडंच" एवढेच म्हणत. जणू छत्री आगगाडीत विसरली असावी.

चाकूचे वेड मात्र लढाईतले नव्हे, घरातले. पलटणीतून आटपाडीकडच्या आपल्या गावी आल्यावर एके दिवशी ते पेरू कापत होते. साधा मिटायचा चाकू. जोर लावताना पाते उलटे मिटले आणि उरलेल्या हाताची चारही बोटे हाडापर्यंत कापली. हात बरा होईपर्यंत बायकोने त्यांना घास घास भरवला. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही भिंतीकडे बघून.

"गोळी खाल्ली, त्येचं काय न्हाई. पर बायकूच्या हातनं भाकरी खायाची, ती बी दारात मानसं बसल्याली असताना! एक हात सरकारला दिला, दिवाणजी. दुसरा चाकूला न्हाई देनार."

तेव्हापासून त्यांना हवा होता तो उघडल्यावर खटक्यात घट्ट बसणारा, मनात आले म्हणून न मिटणारा चाकू. तो बारीक चिरणारा हवा आणि पहारेकऱ्याच्या पगारात बसणाराही हवा. हमाल दुपारी शिदोरी सोडत, कांद्यावर बुक्की मारत आणि त्यांना चिडवत, "घाला की बुक्की, हवालदार! ह्येला चाकू कशाला?"

"कांद्याला घालीन रं गड्या. पेरूला बी घालू?"

त्यांची परीक्षा तुम्ही पाहायला हवी होती. पाते दातांनी ओढून उघडायचे, त्याची पाठ फळीच्या कडेला टेकवायची आणि अंगाचा सगळा भार मुठीवर टाकायचा. बहुतेक चाकू तिथेच वाकून मिटत. "मुजरा करनारा चाकू नगं," म्हणून तो परत. जो टिकेल त्याची गाठ कांद्याशी. डाव्या थोट्या मनगटाने कांदा दाबून धरायचा, एक चकती काढायची आणि उजेडात धरायची. "चकतीतनं दुकानदार दिसाय पायजे." भावापर्यंत फार थोडे चाकू पोचले.

तासगावच्या लोहाराच्या चाकूला धार वस्तऱ्याची होती, पण पाठ टेकवताच त्याने मुजरा केला. एका विलायती चाकूला चार पाती, कात्री आणि बुचे काढायचा स्क्रू होता. त्याचा भाव ऐकून हवालदारांनी तो दुकानदाराच्या हातात अदबीने परत ठेवला. "ह्यो म्हंजे जावई. दिसाय लय चांगला, ठिवून घ्याय महाग." मग एक रामपुरी आला. त्याचा खटका असा वाजला की शेजारचा शिंपी मशीन सोडून उठला. पाठ भक्कम, पण पाते जाड. कांदा चिरला नाही, चेंगरला.

"हवालदार, मुडदा कुणाचा पाडायचाय?" दुकानदाराने दबकत विचारले.

"कांद्याचा. पर त्यो बी पडंना."

अखेर चाकू मिळाला तो साताऱ्याला. ते पेन्शनच्या कामासाठी निघाले होते, मी अडतीच्या वसुलीला. तिथे मोडीत निघालेले लष्करी सामान विकणारे एक दुकान होते. बूट, बक्कले आणि पत्र्याचे डबे यांच्या ढिगात तो पडला होता. पाते रुंद आणि पातळ, मागे खटका, पण लाकडी मुठीची एक बाजू फुटलेली. हवालदारांनी पाठ टेकवली, भार टाकला, आणखी टाकला. चाकू हलला नाही. हलली ती फळी. मग कांदा. चकतीतून दुकानदाराच्या कपाळावरचे गंध स्वच्छ दिसले.

"मूठ एका बाजूनं गेलीय, म्हणून स्वस्तात देतो," दुकानदार आपणहून म्हणाला.

"असू द्या. माज्यावानीच हाय," म्हणून हवालदारांनी घासाघीस न करता पैसे मोजले.

परतीच्या सर्व्हिस मोटारीत ते वाटभर अंगठ्याने खटका दाबून, मांडीवर टेकवून चाकू मिटत होते आणि दातांनी पुन्हा उघडत होते. शेजारचा प्रवासी कऱ्हाडलाच उतरला. त्याचे तिकीट सांगलीचे होते.

त्यानंतर हवालदारांचा थाट वाढला. दुपारी ते आपल्या हाताने कांदा चिरत आणि बुक्की मारणाऱ्या हमालांना एकेक चकती वाटत. सुटीत गावी गेलो तरी आपण ताट घेऊन एकटेच सोप्यात बसतो, कुणाला हात लावू देत नाही, असे अभिमानाने सांगत. दोनेक वर्षांनी ते ताप अंगात घेऊन गावी गेले, ते परत आले नाहीत.

त्यांचा कोट अडतीवर राहिला होता. तो द्यायला मी आटपाडीकडे गेलो. त्यांच्या बायकोला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्यांनी आग्रहाने मला जेवायला बसवले, कोनाड्यातून तो चाकू घेतला आणि कांदा चिरून ताटात वाढला. चकत्या अगदी हवालदारांच्या मापाच्या.

"वैनी, या चाकूसाठी आम्ही सगळा मुलूख पालथा घातला," मी म्हणालो. "फार चांगला निघाला."

"व्हय, लय चांगला. कवा दगा दिला न्हाई." त्यांनी खटका दाबून तो मिटला. "पर आदीचा बरा हुता, दिवाणजी. त्येनं बोटं कापली, तवाच काय ते माज्याजवळ बसून जेवलं. लगीन झालं आन् पलटणीत गेलं. आलं, ते ह्यो हुडकाय गेलं."

मला हवालदारांचा रागही आला आणि त्याच घासाला त्यांची आठवणही दाटून आली. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

"भाकरी घ्या की," म्हणत त्या उठल्या आणि चाकू कोनाड्यात ठेवायला गेल्या. तिथे तो जुना, मिटणारा चाकूही होता. तेल लावून ठेवलेला होता तो जुनाच.