मिस्त्रीचा रणगाडा

"हात मागं! डोळ्यांनी बघा."

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिरणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत या शब्दांनी व्हायचं, मग तो विद्यार्थी असो, मुख्याध्यापक असोत की संस्थेचे चिटणीस. चिटणीसांनी तर एकदा खरोखरच दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पाहणी संपेपर्यंत तसेच ठेवले. बोलणारा माणूस होता प्रयोगशाळेचा शिपाई. सगळं डहाणू त्याला मिस्त्री म्हणायचं, आणि तोही स्वतःला त्यापेक्षा कमी समजत नसे.

आधीच सांगून टाकतो, मला हा माणूस आवडत नव्हता. जुन्या माणसांबद्दल लिहिताना लेखणी मधात बुडवून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. मला ते जमणार नाही. तुमच्याही नोकरीत असा एखादा असेल, ज्याची चप्पल दाराबाहेर दिसली तरी कपाळावर आठी पडते. माझ्यासाठी तो हा होता.

मी बी.एस्सी. होऊन नुकताच डहाणूला विज्ञान शिकवायला आलो होतो. मिस्त्री गंजाडचा, भात-नाचणीच्या शेतकरी घरातला, सातवीपर्यंत शिकलेला. इथल्या एका चिकूच्या वाडीत दहा वर्षं पाण्याची इंजिनं सांभाळून तो शाळेत लागला होता. सगळे मला सर म्हणत. तो मास्तर म्हणायचा, आणि तेही अशा सुरात की नाव बदलून घ्यावंसं वाटे.

पहिल्याच वर्षी मी वर्गात विजेची घंटा दाखवत होतो. ती वाजेना. मी फळ्यावर आकृती काढून ती का वाजायला हवी हे समजावू लागलो. दारातून आवाज आला, "मास्तर, घंटीला पुस्तक वाचता येत नाय. तिचा स्क्रू ढिला आहे." चाळीस मुलं हसली. स्क्रू ढिलाच होता. ते हसणं मी विसरलो नाही.

त्याची एक तऱ्हा होती. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर त्याने ओळीने खिळे मारले होते. कुठलीही वस्तू दुरुस्त केली की तिच्यातून निघालेला खराब भाग तो दोऱ्याला बांधून खिळ्याला टांगायचा आणि सोबत निळ्या पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी लावायचा. काय बिघडलं, आणि दोष कुठे सापडला.

"हे काय प्रदर्शन मांडलंय?" मी विचारलं होतं.

"दोष एकदा सापडला की टांगायचा, मास्तर. नायतर तो परत येतो नी आपण परत शोधत बसतो."

एका खिळ्यावर आमच्या गॅल्व्हानोमीटरची वाकलेली सुई होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'धक्का लागला. सापडला : मास्तरांच्या टेबलावर.' येणारा-जाणारा ती वाचायचा. मी चिडून म्हणालो, "ती चिठ्ठी काढा." तो म्हणाला, "खोटी असेल तर आता काढतो." खोटी नव्हती. तेव्हापासून मी त्या भिंतीकडे बघणंच सोडून दिलं.

पासष्टच्या लढाईनंतर ज्याच्या त्याच्या तोंडी रणगाडे होते. अशात त्याच्या जुन्या चिकूवाडीच्या शेठजींनी मिस्त्रीला बोलावून एक पेटी दिली. "आ तो भंगार छे, लई जाव," म्हणाले. पेटीत हातभर लांबीचा पत्र्याचा रणगाडा होता. शेठजींनी मुलासाठी कधी काळी विलायतेहून आणलेला, रेडिओच्या लहरींवर चालणारा. सोबत एक लोखंडी डबा, त्याला उंच तार आणि एकच बटण. बटण एकदा दाबलं की गाडी डावीकडे वळायची, दोनदा दाबलं की उजवीकडे, तीनदा दाबलं की थांबायची. म्हणजे पूर्वी कधीतरी. आता खाऱ्या हवेने पत्रा गंजला होता, पट्ट्यांचं रबर उंदरांनी खाल्लं होतं आणि फुटलेल्या बॅटरीने तळ जाळला होता.

मिस्त्रीने तो सगळा मोकळा केला. गंज घासून काढला, सायकलच्या ट्यूबचे तुकडे तारेने जोडून नवे पट्टे केले. आतल्या दोन काचेच्या व्हॉल्व्हना लागणारी बॅटरी कुठेच मिळेना. तेव्हा त्याने स्वतःचा खिशातला ट्रान्झिस्टर फोडला, जो त्याने दोन दिवाळ्या वाट पाहून घेतला होता, आणि त्याच्या भागांवर रणगाड्याचा लहरी पकडणारा नवा कान तयार केला. मला मान्य करायला जड जातं, पण काम देखणं होतं. मी जवळ जाऊन बघू लागलो तर काय ऐकायला मिळालं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

चिटणीसांनी रणगाडा पाहिला आणि सर्वांसमोर सांगितलं, "तलासरीला होणाऱ्या विज्ञान प्रदर्शनात हा चालला, वळला आणि थांबला, तर जूनपासून शाळेत यंत्रकामाचा वर्ग काढू. शिकवायला मिस्त्री."

त्या दिवशी मिस्त्रीने प्रयोगशाळा दोनदा झाडली. चाळिशी उलटलेला माणूस, वीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं पुसलेला. त्याला फळ्यासमोर उभं राहायचं होतं, एवढं मला कळलं. आणि मला ते नको होतं. सातवी पास माणूस माझ्या बरोबरीने शिक्षकांच्या खोलीत बसणार, माझ्या घंटीची गोष्ट तिथे सांगणार! माझा चहा कडू झाला.

रणगाडा सुरू व्हायचा, चार हात सरळ जायचा आणि मग वेड्यासारखा गोल फिरू लागायचा. बटण दाबा, न दाबा, त्याला ऐकूच येत नसे. मिस्त्रीने माझ्या रेडिओला दोष दिला. माझं घर मैदानापलीकडे, पण एरियलची तार मी प्रयोगशाळेच्या कौलांवरच्या बांबूला बांधली होती. "तुमच्या तारेमुळे माझी गाडी भरकटते," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "तुमच्या गाडीमुळे माझं नाट्यसंगीत भाजून निघतं." दोघंही खरंच त्रासलेले होतो. रोज संध्याकाळी गाणं रंगात आलं की रेडिओतून खरखर सुरू व्हायची.

एके दिवशी खिडकीत बसून मी दोन्हीकडे लक्ष दिलं. समोर प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. मिस्त्रीने बटण दाबलं, रेडिओ स्वच्छ. रणगाड्याचे पट्टे फिरू लागले, रेडिओ खरखरला. पट्टे थांबले, खरखर थांबली.

मला क्षणात उलगडा झाला. मोटार फिरताना तिच्या कार्बन ब्रशवर ठिणग्या उडत होत्या. त्या ठिणग्यांचा गोंगाट माझ्या रेडिओत शिरत होता आणि त्याच गोंगाटाने रणगाड्याचा स्वतःचा कानही बधिर होत होता. तो गोंगाट गिळणारे दोन चिमुकले कंडेन्सर मोटारीवर जोडले की काम झालं. हे मी दरवर्षी अकरावीला शिकवत होतो.

मी रेडिओ बंद केला आणि जेवायला बसलो. त्या दिवशी आमटी छान झाली होती असं बायकोला दोनदा सांगितलं.

तीन-चार दिवसांनी, रविवारी दुपारी, मिस्त्री माझ्या दारात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पायरी चढला नाही. टोपी हातात होती.

"मास्तर, एक विचारायचं होतं. तुमचा रेडिओ खरखरतो तो कधी? मी बटण दाबतो तेव्हा, का गाडी चालते तेव्हा?"

नेमका प्रश्न होता. उत्तर दिलं असतं तर तासाभरात त्याला दोष सापडला असता. पुस्तक न वाचता तो माणूस दोषाच्या दारात येऊन उभा होता, आणि दार माझ्याकडे होतं.

"बटण दाबता तेव्हा," मी म्हणालो.

"नक्की?"

"मला कान आहेत, मिस्त्री."

"उपकार झाले," तो म्हणाला आणि गेला. बायको आतून बघत होती. तिला यातलं काही कळत नव्हतं. तरी मी तिच्याकडे बघितलं नाही.

पुढचे पंधरा दिवस त्याने बटणाचा डबा उघडला, बांधला, पुन्हा उघडला. त्यातली तारेची वेटोळी नव्याने गुंडाळली. ज्यात काहीच बिघडलं नव्हतं, त्याची दुरुस्ती चालली होती. रोज शाळेत जाताना मी ते बघत होतो.

प्रदर्शनाला मला त्याच्यासोबत जावं लागलं. एस.टी.त त्याने रणगाडा घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. रानशेतला एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन चढली आणि ती घोंगडीवर टेकवू लागली. "हात मागं, बाय!" तो ओरडला. बाईने त्याला जे सुनावलं त्याने माझा तो दिवस गोड झाला. चारोटीला गाडी बदलायची होती. तलासरीच्या गाडीला अवकाश होता. आम्ही हॉटेलच्या बाकड्यावर बसलो. त्याने फडक्यातली भाकरी आणि सुकट सोडली, माझ्याकडे पाहिलं, आणि मी मासळी खात नाही हे लक्षात ठेवून पिशवीतून दोन चिकू काढून माझ्यासमोर ठेवले. चांगले पिकलेले, निवडून आणलेले.

मी ते खाल्ले. तिथे बसून सांगता आलं असतं. कंडेन्सर आणायला डहाणूला परत जायला वेळ नव्हता हे खरं, पण चिटणीसांना निदान म्हणता आलं असतं की दोष कळला आहे, आठ दिवस द्या. मी चिकूच्या बिया वेचून टाकल्या आणि गाडी आली.

तलासरीच्या मैदानात वाळूचा ढीग केला होता. आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं आली होती. मिस्त्रीने धुतलेला सदरा घातला होता. रणगाडा निघाला. टाळ्या पडल्या. चार हात गेला, आणि गोल फिरला. मिस्त्री बटण दाबत राहिला, एकदा, दोनदा, तीनदा. रणगाडा पाहुण्यांच्या टेबलाखाली घुसला, टेबलावरचं कापड पट्ट्यांत गुंतलं आणि पाण्याचा तांब्या चिटणीसांच्या मांडीवर उलटला. मैदान हसलं, घंटीच्या वेळी माझी चाळीस मुलं हसली होती त्याच्या कितीतरी पट. मिस्त्रीने रणगाडा उचलून उलटा धरला. पट्टे हवेत फिरतच होते. तो ते थांबेपर्यंत बघत राहिला.

चिटणीस धोतर पिळत मला म्हणाले, "शेवटी शिकलेला माणूसच लागतो हो, सर."

"हो ना," मी म्हणालो.

त्यानंतर आठवड्याभराने एका संध्याकाळी रेडिओ भयंकर खरखरू लागला, थांबेचना. मी खिडकीतून पाहिलं. मिस्त्री माझ्या खिडकीखाली, कुंपणापाशी उभा होता. हात पाठीमागे, मान खाली. त्याच्याजवळ ना डबा होता ना बटण. मागे प्रयोगशाळेत रणगाडा दोन विटांवर चढवलेला होता आणि त्याचे पट्टे आपले फिरत होते.

"मिस्त्री, बंद करा ते!" मी ओरडलो.

"झालं, मास्तर," तो म्हणाला. "ऐकून झालं."

दुसऱ्या दिवसापासून रेडिओ स्वच्छ. खरखर म्हणून नाही. मी बायकोला म्हणालो, "सुटलो. नाद सोडला त्याने." पुढचे दोन महिने मी पोटभर नाट्यसंगीत ऐकलं.

एप्रिलअखेर त्याने नोकरी सोडली. कुणी कारण विचारलं नाही, तो रागीट होता हे कारण सगळ्यांना पुरलं. जाताना शिक्षकांच्या खोलीच्या दारात आला. "येतो, सर," मला म्हणाला. सर! मला वाटलं, चला, शेवटी तरी ताठा उतरला. मी मान हलवली.

प्रयोगशाळेचं सामान मोजून घ्यायला मुख्याध्यापकांनी मला पाठवलं. कपाटात रणगाडा होता, पुसलेला, तेल दिलेला. सहज बटण दाबलं. रणगाडा खोलीभर सरळ गेला. एकदा दाबलं, डावीकडे वळला. दोनदा, उजवीकडे. तीनदा, आणि तो माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर थांबला. मी तो उलटा करून झाकण काढलं. मोटारीवर दोन कंडेन्सर नीटस डाग देऊन बसवलेले होते. म्हणजे ज्या दोन महिन्यांत मी निवांत गाणी ऐकत होतो, त्या दोन महिन्यांत बंद दाराआड हा रणगाडा रोज धावत होता, आणि न चुकता थांबत होता. त्याने तो कुणालाही दाखवला नव्हता.

मग इतक्या वर्षांनी मी भिंतीकडे पाहिलं. शेवटच्या खिळ्याला झिजलेले दोन कार्बन ब्रश टांगले होते. चिठ्ठीवर निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं :

'ठिणगी. सापडली : मास्तरांच्या खिडकीखाली.'

एवढंच. तोंडावर बोलायला कुणाच्या बापाला न भिणारा माणूस, मला एका शब्दाने बोलला नव्हता. चिठ्ठी दोन महिने सर्वांसमोर टांगलेली होती. अर्थ लागणारा वाचक एकच होता आणि तो तिकडे बघत नसे.

मला राग आला. लाजही वाटली, पण आधी राग आला, खोटं कशाला सांगू. चिठ्ठी ओढायला मी हात पुढे केला, आणि मागे घेतला.

गंजाड काही लांब नव्हतं, गाडीने तासाभराचा रस्ता. रणगाडा काखेत मारून चिटणीसांकडे जायचं, खरं सांगायचं, मग गंजाडला जाऊन त्याला परत आणायचं. मी गेलो नाही. जूनमध्ये यंत्रकामाचा वर्ग निघाला नाही. मिस्त्री पुढे वापीकडे कुठल्या कारखान्यात लागला असं कुणीतरी म्हणालं.

मे महिन्यात प्रयोगशाळेला चुना द्यायला माणसं आली. "सर, खिळे काढायचे ना?" त्यांनी विचारलं.

"काढा," मी म्हणालो. "तो शेवटचा सोडून."

त्यांनी तेवढा सोडून बाकीची भिंत पांढरी केली. मी त्या शाळेत होतो तोवर दरवर्षी चुना लागला, आणि दरवर्षी त्या खिळ्याभोवतीची वीतभर जागा तशीच मळकी राहिली.