पियानोच्या मागे मागे

"थांबा, मास्तर, थांबा! तुम्ही माझ्या मागे का येता?" मिशनच्या बंगल्यातल्या पाद्रीणबाई पियानोवरून अशा ओरडल्या, की ओट्यावरची कोंबडी उडाली ती म्हणे थेट शहाद्यालाच उतरली.

मागे नाही जाणार तर काय करणार? वीस वर्षं मी भजनात नि नाटकात फिडल वाजवलेलं. गाणाऱ्याची ओळ संपली की आपण ती झेलायची, तिला साथ म्हणतात. माझे सूर बाईंनी माझ्याकडून घोटून घेतले होते. पण पियानो सुरू झाला की मला तो गवईच वाटे, आणि हात आपोआप थांबे. गवई बोलत असताना तोंड घालायचं म्हणजे काय?

संध्याकाळी पाहुण्यांपुढे वाजवायचं होतं. त्यात मी आमच्या रनाळ्यात सांगून बसलेलो, की विलायती पियानो माझ्याशिवाय मुका आहे. ऐकायला अख्खा गाव लोटणार होता. अख्खा गाव म्हणजे एक बैलगाडी आणि तीत आमचे मामा.

"असंच वाजवणार असाल तर मी एकटी वाजवते," बाई म्हणाल्या. मी फिडल छातीशी धरून दारातच बसलो. ते पाहून बहुधा त्या जरा निवळल्या.

"आमच्याकडेही आधी पियानो मालक नि व्हायोलिन त्याचा चाकर. शंभरेक वर्षांपूर्वी सोनाटा, म्हणजे आपण वाजवतो तसल्या रचना, लिहिणाऱ्यांनी दोघांना सारखं केलं. एक विचारतो, दुसरा मध्येच तोडतो, रुसतो, मग दोघं एकदम बोलतात. घरी बायकोशी असंच बोलता ना?"

"मी कुठं बोलतो? तीच बोलते."

"मग आज तुम्ही ती व्हा."

झालो! संध्याकाळी पाहुण्यांपुढे बाईंनी पियानोवर विचारलं की मी फिडलवर उलटून बोललो. त्या चिडल्या, मी दुप्पट चिडलो. संथ भागात दोघं हळूच एकत्र बोललो, तेव्हा तापीचं पाणी क्षणभर थांबलं. पलीकडच्या काठावरच्यांनी मला स्वतः सांगितलंय. शेवटचा सूर दोघांचा एकदम पडला. बाई हसून म्हणाल्या, "आज दोघांनी वाजवलं."

गाडीत बसताच मी छाती फुगवून विचारलं, "मामा, कसं झायं?"

"बाई चांगलं वाजाडस," मामा म्हणाले. "पन तू तिले बोलूच दिन्हं नही."